पेन्सिलीतलं घर

दादा, तुझे नकाशे मागायला एक माणूस येऊन गेला. तेरावा उरकला होता, पुण्याची मंडळी परत गेली होती, आणि दुपारी मी तुझ्या खोलीतले पडदे धुवायला काढत होते. बेल वाजली. दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, हातात काही नाही. "आंटीजी, प्रधान साहब के बारे में सुना. बड़ा अफ़सोस हुआ," म्हणाला. मला वाटलं, तुझ्या ऑफिसातला कुणी असेल. मी बाई त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, वर चहाही विचारला. तुझ्या फोटोपुढे तो हात जोडून उभा राहिला, आणि मग तुझ्या ड्रॉइंगच्या टेबलाकडे बघत अगदी सहज म्हणाला, "वो बर्मावालों के नक्शे यहीं रखे हैं, या वकील मैडम ले गईं?"

तोंडातून कसंबसं निघालं की मला नकाशातलं काही कळत नाही, सगळं दादाच बघायचा. "कोई बात नहीं," तो हसला. "सँभालकर रखिएगा, बस. ज़माना ख़राब है, अकेली रहती हैं आप. पेन्शन तो टाइम पर आ रही है न?" एवढं बोलून, पाण्याला हातही न लावता तो गेला. जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज पार खालपर्यंत ऐकू येत होता. मी दाराला कडी घातली आणि तिथेच स्टुलावर बसले. तो कोण, कुणी पाठवला, मला आजही ठाऊक नाही. नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

आणि मग तुझा राग आला. सांगून ठेवते, दादा, खूप राग आला. जायचंच होतं तर हे सगळं आवरून जायचं होतंस ना! पेपर वाचता वाचता मान टाकलीस, चहा अर्धा तसाच. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. तुला नसेल झाला. मी मात्र त्या टेबलाकडे बघितलं तरी दचकते, आणि घंटा वाजली की आधी गॅलरीतून वाकून बघते, मग दार उघडते.

आपण काय माणसं, दादा? जन्मभर सरकारी पगारावर जगलेली. तू नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन, मी मिनिस्ट्रीत फाइली या टेबलावरून त्या टेबलावर ढकलणारी. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आईने आपल्याला एकच धडा दिला होता. वरच्या मजल्यावरचं भांडण ऐकू आलं की रेडिओ मोठा करायचा. मी तो धडा मन लावून गिरवला. लग्न केलं नाही, वाद केला नाही, बॉस म्हणेल त्याला 'बिल्कुल सर' म्हटलं. वहिनी गेल्यावर तू एकटा पडलास, मी होतेच एकटी, म्हणून फरीदाबादचा हा फ्लॅट. माझा हिशेब सरळ होता. संध्याकाळी सिरियल बघायच्या, गणपतीत मोदक करायचे, आणि तू माझ्या आधी गेलास तर मी तुझं करायचं, मी आधी गेले तर तू माझं. त्यात ब्रह्मदेश कुठून आला रे?

आला तो पार्किंगमधून. हसशील, पण खरंच आहे. आपल्या सोसायटीच्या पार्किंगच्या केसमध्ये तू बिल्डरविरुद्ध प्लॅन काढून दिलास, कुठला खांब कुठे, कुठली भिंत नंतर बांधलेली, सगळं. सोसायटीची वकील म्हणजे जसलीन. ती पोरगी तो प्लॅन बघून वेडीच झाली. केस संपल्यावर मिठाई घेऊन आली आणि मिठाईच्या डब्याबरोबर हे प्रकरण आणलंन. भंगाराच्या गोदामांमागे ब्रह्मदेशातून पळून आलेल्या रोहिंग्यांची वस्ती आहे, त्यांचं काम ती बिनफी करायची. त्यांची गावंच्या गावं जाळली, माणसं मारली. तिथले सत्ताधारी म्हणतात, त्या जागी गाव कधी नव्हतंच. बाहेरचे देश मागे लागलेत की स्वतंत्र चौकशी होऊ द्या, आमच्या माणसांना आत येऊन बघू द्या. ते कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत. मग तपास करणारे बाहेर बसून, जगभर विखुरलेल्या लोकांचे जबाब गोळा करतायत.

"ऊपर से लिए हुए फोटो हैं, अंकल," जसलीन म्हणाली होती, "लेकिन फोटो में सिर्फ़ मिट्टी है और नई बैरकें. गाँव काग़ज़ पर चाहिए. कौन सा घर कहाँ था."

मी स्वयंपाकघरातून डोळे वटारत होते. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. "काढता येईल," म्हणालास, जणू कुणी बाथरूमच्या टाइल्स मोजायला सांगतंय. ती गेल्यावर मी तुला काय काय बोलले! नसती उठाठेव, म्हातारचळ, आपल्यामागे आहे कोण, उद्या पोलीस दारात आले तर. तू लाडू खात सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "कुमे, तुला बरोबर यावं लागेल. बायका माझ्या एकट्याशी बोलायच्या नाहीत." झालं. माझं बोलणं तुझ्या लेखी तिथेच संपलं.

तुझी कामाची रीत मी पहिल्यांदा त्या वस्तीत पाहिली, दादा. इतकी वर्षं तू ऑफिसात काय करतोस ते मला ठाऊक नव्हतं. गोणपाटावर मांडी घालून बसलास, पुढ्यात बोर्ड, त्यावर ट्रेसिंग पेपर. जसलीनने पहिल्यांदा हमीदाला बोलावलं. गोदामात चिंध्या निवडायची ती. वय चाळिशीचं, पण मला ती माझ्याच वयाची वाटली. तिचा नवरा आणि दोन मुलगे तिच्या घराच्या अंगणात मारलेले, हे आपल्याला आधीच कळलं होतं. मी पदराशी चाळा करत बसले होते, की आता हा ते विचारणार आणि ती रडणार आणि मी काय करू. तू विचारलंस, "बेटी, पानी कहाँ से भरती थी?"

ती गोंधळली. मग तिने सांगितलं, तलाव होता. घरून निघाल्यावर कुणाकुणाची दारं लागायची, तू विचारत गेलास. फणसाचं झाड कुठल्या हाताला? मदरशाचं कुंपण बांबूचं की मातीचं? घागर घेऊन दम कुठे लागायचा? दम लागण्यावरून चढ कुठे ते तू काढलंस, अच्छा! मी बघतच राहिले. बोलता बोलता ती एका शेजारणीची नक्कल करायला लागली, जी तलावावर रोज तिच्या आधी जाऊन चांगला दगड पकडायची. हसली चक्क. मला वाटतं, त्या बाईला तिच्या गावाबद्दल फक्त आगच विचारली होती सगळ्यांनी. पाणी विचारणारा तू पहिला.

आणि तुझा तो नियम. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, एकाचं दुसऱ्याला ऐकू द्यायचं नाही, प्रत्येकाचा कागद वेगळा. मग घरी येऊन ते कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. दोघांनी वेगवेगळं सांगून जे एकाच जागी पडलं, ते शाईने. एकट्याने सांगितलेलं पेन्सिलीत. मी दोन्ही हातांनी कागद काचेला दाबून धरायचे, हात भरून यायचे, आणि तू मेलं सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून रेघ ओढायचास. "जरा उरक ना, पोळ्या व्हायच्यात," म्हटलं की म्हणायचास, "गाव आहे ते, कुमे. पोळी नाही."

पहिलाच नकाशा चुकला. साफ चुकला! जसलीनने तो पाठवला आणि तपासवाल्यांकडून परत आला. नकाशात ओढा गावाच्या उत्तरेला, फोटोत तो पश्चिमेला. हे असलं काही विरोधी बाजूच्या हाती लागलं तर म्हणतील, दिल्लीत बसून कुणीतरी मनाने काढलंय, सगळे जबाब पढवलेले आहेत. मला आठवतंय तुझा चेहरा. चार दिवस तू धड जेवला नाहीस. तीन तीन माणसांनी वेगवेगळं सांगितलेलं सगळं तंतोतंत जुळत होतं, मग चूक कुठे? माझ्या मनात आलं आणि मी बोललेही, "दादा, खोटं तर नाही ना बोलत ही माणसं?" तू माझ्यावर ओरडला नाहीस. म्हणजे तुझ्याही मनात आलं होतं.

नंतर एका संध्याकाळी आपण वस्तीत गेलो, तेव्हा पुरुष उघड्यावर नमाजेला उभे होते. तू हमीदाला परत तेच विचारलंस, ओढा कुठे. "आगे," ती म्हणाली, आणि हात केला तो नेमका ती माणसं तोंड करून उभी होती तिकडे. त्यांच्यासमोर सूर्य मावळत होता. तू कपाळावर असा हात मारलास की सगळी पोरं फिसकन हसली. "अरे गाढवा!" स्वतःलाच म्हणालास. त्यांच्या गावात 'आगे' म्हणजे नमाजेची दिशा, पश्चिम. घर सांगताना, वाट सांगताना, सगळी तिकडेच तोंड करून मनात उभी राहायची. आणि तू उभा जन्म कागदाची वरची कड म्हणजे उत्तर धरून चाललेला. ते 'आगे' म्हणाले की तू वर काढत गेलास. तिघेही तसंच बोलत होते, म्हणून तिघांचे कागद जुळत होते, आणि तिघेही खरं बोलत असून गाव आडवं पडलं होतं. घरी येऊन तू कागद पाव वळसा फिरवून फोटोवर ठेवलास. ओढा बसला. चढ बसला. बराकींच्या मागे एक काळपट डाग होता, त्यावर तलाव बसला. तू चष्मा काढून पुसलास आणि मला म्हणालास, "आता पोळ्या कर. भूक लागली."

त्या रात्रीइतकी मी तुझ्यावर कधी खूश नव्हते, दादा. सांगितलं नाही. जेवण वाढलं आणि लोणचं जास्त वाढलं, एवढंच.

पण हमीदाचं घर राहिलं. गावाच्या कडेला एक आळी होती आणि त्या आळीतलं तिच्याखेरीज कुणी सापडत नव्हतं. इथे नाही, जम्मूला नाही, हैदराबादला नाही, सीमेपलीकडच्या छावण्यांतसुद्धा जसलीनने विचारून बघितलं. बाकीच्यांना गाव आठवत होतं, ती आळी 'होती उधर' एवढंच. तेव्हा अख्खं गाव काळ्या शाईत आणि कोपऱ्यात हमीदाची आळी, तिचं घर, घरापुढचं अंगण, पेन्सिलीत. जसलीनने मला समजावून सांगितलं होतं. आळी शाईत आली, तर अंगणात जे घडलं त्याला जागा मिळते, मग ती घटना म्हणून उभी राहते. नाही आली, तर गाव सिद्ध होईल, पण त्या अंगणातले तिघे एका बाईच्या तोंडच्या शब्दावर राहतील.

हमीदाने नकाशा पाहिला तेव्हा बोट बरोबर तिथेच नेलं. "चाचा, मेरा घर हल्का क्यों है?"

तू तिला खरं ते सांगितलंस. आपण निघताना तिने चहा केला नाही, एरवी करायची.

त्यावरून आपलं भांडण जे सुरू झालं ते तू गेलास तरी मिटलं नाही. मी म्हणायचे, एक रेघ आहे, दादा, गडद कर, कोण बघतंय? तिची बाकीची प्रत्येक गोष्ट खरी निघाली, तलाव, फणस, चढ. मग स्वतःचं घर ती चुकीचं सांगेल? स्वतःच्या पोरांना जिथे पडलेलं पाहिलं ती जागा? तू म्हणायचास, "मला ठाऊक आहे ती खरं सांगते." मग? "मला ठाऊक आहे, हे नकाशात काढता येत नाही." काय माणूस! मी भांडी आपटायचे. शेवटच्या आठवड्यात तर मी तुला दगड म्हटलं. तू म्हणालास, "कुमे, एक रेघ मी दयेने काढली आणि ती पकडली गेली, तर सगळं गाव परत मिटवतील. या वेळी माझ्या हाताने." आणि मग मला विचारलंस, "उद्या तुला कुणी विचारलं तर तू काय सांगशील?" मी म्हटलं, "मला कशाला विचारतील? तू आहेस ना!"

इकडे वस्तीत काय चाललं होतं ते तू पाहत होतास आणि मला सांगत नव्हतास. मी काय आंधळी होते? झोपड्यांच्या दारांवर कुणीतरी लाल रंगाने आकडे घातले. कशाचे, विचारलं तर कुणी सांगेना. कागद तपासायला म्हणून माणसांना नेत, काही संध्याकाळी परत येत, काही येत नसत. दर खेपेला एखादं दार बंद दिसायचं आणि बायका त्या दाराकडे न बघता पुढे जायच्या. एकदा आपण रिक्षातून उतरलो तेव्हा समोरच्या टपरीवरच्या एकाने आपला फोटो काढला. मी तुझा हात धरला. तू म्हणालास, "चलो, चांगला आला असेल. मी आजच दाढी केलीय." असले विनोद तुला सुचतात कसे, देव जाणे. तुझाही हात गार पडला होता, मला कळत होतं.

तर तू गेलास आणि तो पांढरा शर्टवाला येऊन गेला, त्याच संध्याकाळी जसलीन आली. मी तिला सगळं सांगितलं. नकाशे तिने केव्हाच बाहेर पाठवले होते, त्यांची काळजी नव्हती. पण नुसता नकाशा पुरत नाही. तो कसा काढला, कुणाला काय विचारलं, हे शपथेवर सांगणारा माणूस लागतो. तो तू होतास. आता प्रत्येक बैठकीला हजर असलेली एकच व्यक्ती उरली होती.

"आंटी, मैं ज़ोर नहीं डालूँगी," ती म्हणाली. "पूरा नाम देना होगा. वो लोग सीलबंद रखेंगे, मगर मैं गारंटी नहीं दे सकती. और कोई नहीं बोला तो नक्शा बेकार हो जाएगा. पूरा गाँव."

कप्पाळ माझं! मी तिला सरळ नाही म्हटलं. ती बिचारी निघून गेली. मी दोन्ही कड्या घातल्या, देवापुढे दिवा लावला, सिरियल लावली. सिरियलीत काय चाललं होतं ते मला विचारू नकोस. माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती आणि काचेला दाबलेले कागद. दादा, ते गाव मला पाठ झालंय रे. मी फणसाकडून मदरशाकडे डोळे मिटून जाऊ शकते. आर. के. पुरमच्या आपल्या ब्लॉकमध्ये जिन्याशेजारी कोण राहायचं ते मला आठवत नाही, पण त्या तलावावरचा चांगला दगड कुठला ते ठाऊक आहे. एवढं ठाऊक असून मी रेडिओ मोठा करून बसू? तुझ्यामुळे झालंय हे. तुझ्यामुळे मला घाबरून गप्पसुद्धा बसता येईना. मी जसलीनला फोन केला.

जसलीनच्या ऑफिसात पडद्यावर तपासवाल्यांपैकी दोघं होती, एक बाई आणि एक माणूस, दोघंही परदेशी, आणि आवाजापुरती हिंदी दुभाषी. हमीदा त्यांच्या परवानगीने माझ्या शेजारी बसली होती, कारण माझ्यानंतर तिचा जबाब होता. ठेवणीतला निळा दुपट्टा घेऊन आली होती. मी आत आल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला नाव विचारलं. मी सांगितलं, कुमुद प्रधान, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते बोलून झाल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं. नाही झाली.

त्यांनी तुझा चुकलेला नकाशा आणि नंतरचा, दोन्ही समोर धरले. हे दोन वेगळे का? मला तुझी चूक सांगावी लागली, दादा, परक्या माणसांपुढे. 'आगे' काय, उत्तर काय, नमाजेच्या वेळी सूर्य कुठे होता, तू कपाळावर हात कसा मारलास, स्वतःला काय म्हणालास, सगळं. दुभाषी बाईने 'गाढवा'चं काय केलं ठाऊक नाही, पण पडद्यावरची बाई पहिल्यांदा हसली. मग तिने भराभर पुढचे प्रश्न विचारले आणि मला कळलं की आता हिचा विश्वास बसलाय. खोटं रचणारा इतका मूर्खपणा कशाला रचेल?

शेवटी त्या माणसाने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. दुभाषी म्हणाली, "यह घर पेन्सिल में है. क्या आप कह सकती हैं कि घर यहीं था?"

हमीदाने माझा हात आवळला. दादा, एक शब्द होता. 'हाँ.' मी तेवढा म्हटला असता तर कुणाला कळलं असतं? आणि मी तर ते घर पाहिल्यासारखंच जाणते. पण त्याने विचारलं होतं ते वेगळं. मी म्हटलं, "एक ने बताया. दूसरा बतानेवाला कोई नहीं मिला."

तो लिहीत गेला. हमीदाने हात सोडला.

गाव त्यांनी पुराव्यात धरलं, दादा. जसलीन त्याच संध्याकाळी म्हणाली की त्या शेवटच्या उत्तरामुळेच सगळा नकाशा धरला, पेन्सिलीतली आळी सोडून. तुझं गाव आहे आता. कुणी 'नव्हतंच' म्हणालं तर समोर ठेवता येईल. मी पेढे वाटायला हवेत खरं तर. तू असतास तर चष्मा पुसला असतास.

हमीदाने तिचा जबाब दिला, न रडता. जिन्यावर मी तिला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तीच थांबली, मोठ्या बहिणीला मारतात तशी हाक मारली. "बाजी," म्हणाली, "दूसरा कोई ज़िंदा होता, तो मैं अकेली क्यों आती?" आणि खाली उतरून मेट्रोकडे गेली. हे तिने तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस रे? मी रात्रभर तेच घोकत होते.

आज सकाळी मी वस्तीत गेले, एकटी. तिला म्हणायचं होतं, माझ्याशी भांड, शिव्या दे, पण अबोला धरू नकोस. तिच्या झोपडीचं दार सताड उघडं होतं. आत चूल होती, एक पातेलं होतं, दोरीवर निळा दुपट्टा वाळत होता. शेजारच्या बाईला विचारलं, हमीदा कुठे गेली? ही बाई आपल्या बैठकांना यायची, दादा, तू तिच्या पोराला रंगीत पेन्सिली दिल्या होत्यास. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. "कौन हमीदा?" म्हणाली. "यहाँ कोई हमीदा नहीं रहती थी." आणि दार लावून घेतलं. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात कुणी उघडलंच नाही. नळावर एक म्हातारी होती, तिने घागर भरता भरता, मान वर न करता सांगितलं, पहाटे गाडी आली होती. कसली, कुणाची, ते नाही सांगितलं.

जसलीन हमीदासाठी कोर्टात जायच्या तयारीला लागली आहे. म्हणते, नेताना पाहिलेलं माणूस हवं, आणि एकटीच्या सांगण्यावर टिकणार नाही. मी तुझा बोर्ड काढून पुसून ठेवलाय. दाराची घंटा मघापासून दोनदा वाजली, मी उघडलं नाही. नळावरच्या एकीने सांगितलंय, दादा. दुसरी शोधायला मी उद्या परत जातेय.